हेझलचा निबंध आणि माझा हात

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

संपलं एकदाचं शिबिर. दोन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कंबरेचा काटा ढिला झाला. विषय होता, विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची लेखनशैली कशी सुधारावी. मार्गदर्शक बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मनात म्हटलं, ही काय मला शिकवणार? सत्तावीस वर्षं उत्तनच्या शाळेत मराठी शिकवतेय मी.

पण आज दुपारी तिनं विचारलं, "स्पर्धेत पहिले येणारे निबंध कोण लिहितं? खरं सांगा हं." सगळं सभागृह हसलं. मीही हसले. बाई लिहितात आणि मुलं पाठ करतात, हे काय कुणाला नवीन आहे? गेली दोन वर्षं आमच्या शाळेनं निबंधकथनाची फिरती ढाल आणली, ते दोन्ही निबंध माझेच. काय भाषा होती एकेकाची!

मग ती म्हणाली, "एकदा तरी मुलाचं लिखाण हात न लावता पुढे पाठवून बघा." ते मात्र लागलं मनाला. शिवाय शिक्षकांनी स्वतः रोजनिशी लिहावी, साधी, अलंकार न घालता, असंही सांगितलं. म्हणून ही वही.

तर आज, मीरा रोडच्या आमच्या या छोटेखानी परंतु प्रसन्न घरकुलात बसून मी प्रतिज्ञा करते, की यंदा शाळेच्या निबंधात माझं एकही वाक्य असणार नाही. आमचे हे, दत्ताराम, चहा पीत होते. म्हणाले, "लिहिलंस ना? मग खाली सही कर." केली.

सौ. वासंती

सोमवार, २ डिसेंबर

यंदाचा विषय 'माझी आवडती जागा'. मुख्याध्यापक इग्नेशियस सरांना माझा बेत सांगितला. ते कपाटावरच्या ढालीकडे बघत राहिले. "करा प्रयोग, वासंतीबाई. फक्त एवढं लक्षात ठेवा, यंदा सलग तिसऱ्यांदा जिंकलो की ढाल कायमची आपली." नियम एक नवा आहे. निबंध सांगून झाला की परीक्षक मुलाला दोन प्रश्न विचारणार. मी म्हटलं, उत्तमच. स्वतः लिहिणाऱ्याला प्रश्नांची भीती कसली? हाताच्या काकणाला आरसा कशाला!

आठवीला लिहायला बसवलं. निम्म्या वर्गाची आवडती जागा महाबळेश्वर. तिथं कोणी गेलेलं नाही. गाइडमध्ये आहे म्हणून आवडतं.

एकच कागद वेगळा निघाला. हेझलचा. शेवटच्या बाकावर एकटी बसते, विचारलं तरच बोलते. आई गर्ट्रूड मासळी वाळवते, वडील मेल्विन मासेमारीच्या बोटीवर असतात. तिचा निबंध जसाच्या तसा उतरून ठेवते:

"माझी आवडती जागा बोंबलांच्या काठ्यांखाली हाय. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि काठीवर टाकायची. खाली पट्ट्यापट्ट्यांची सावली पडते. डॅडी बोटीवरून आले की तेपण बोंबील टाकायला येतात. तवा आम्ही काहीच बोलत न्हाय. मला ते आवडते. हाताचा वास साबणाने जात न्हाय. म्हणून वर्गात माझ्या बाजूला कोण बसत न्हाय. पण मला तो वास आवडते, कारण तो असतो तवा डॅडी घरी असतात."

एवढाच. पण माझ्या अंगावर काटा आला. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि स्पर्धेचं सांगितलं. ती जमिनीकडे बघून म्हणाली, "मी सांगीन, टीचर. पण ते माझंच राहील ना?"

"तुझंच राहील," मी म्हटलं. वचनच दिलं.

सोमवार, ९ डिसेंबर

आज फक्त 'हाय' चं 'आहे' केलं आणि 'न्हाय' चं 'नाही'. एवढं तर करायलाच हवं, ती माझी नोकरीच आहे. याला कोणी हात लावणं म्हणत नाही.

ते तोंडात तोंड अडकवण्याचं वाक्य तेवढं काढलं. स्पर्धा भाईंदरला. सभागृहातले अर्धे लोक मासे न खाणारे, परीक्षकांतही कोणी असेल. पोरगी तोंड उघडायच्या आत त्यांनी नाकाला रुमाल लावला तर? तिच्याच भल्यासाठी. 'बोंबील' च्या जागी 'मासळी' केलं. मासळी कशी, जरा दूरची वाटते.

बुधवार, १८ डिसेंबर

'माझ्या बाजूला कोण बसत नाही' हे वाक्यही काढायला लावलं. चारचौघांत असं सांगितलं तर पोरीला जन्मभर चिकटेल. वासच सगळा काढला आणि त्याजागी 'सागराचा खारा वारा' असं सुचवलं. सुचवलं फक्त. लिहिलं तिनंच, तिच्या अक्षरात.

हेझल म्हणाली, "मग डॅडी घरी हायेत ते कसं कळणार?"

"कळतं गं. वाचणाऱ्याला सगळं कळतं."

आता निबंध फारच आखूड झालाय. पाच मिनिटं तरी चालायला हवा.

शनिवार, २८ डिसेंबर

नाताळची सुट्टी. परवा गर्ट्रूडनं कुलकुल्सचा, त्यांच्या नाताळच्या गोड फराळाचा, डबा पाठवला होता, आज तो संपवत हेझलच्या निबंधासाठी थोडे मुद्दे काढले. मुद्दे म्हणजे आपले असेच, दिशा मिळावी म्हणून. ओघात पूर्ण वाक्यं झाली, पण ती तिनं हवी तशी बदलावीत.

एक अडचण होती. निबंधातला बाप बोलतच नाही. स्टेजवर मुका बाप घेऊन करायचं काय? म्हणून त्याला गोष्टी सांगायला लावल्या. मासळीचंही काही जमेना, तेव्हा सावली कपड्यांची केली. 'वाऱ्यावर डुलणाऱ्या ओल्या वस्त्रांची शीतल सावली.' छान जमलंय. समुद्र गॅलरीतून दिसतो असं केलं, म्हणजे शेवटी सूर्यास्त आणता येतो.

लिहिता लिहिता मला आमची गिरगावची चाळ आठवली. गॅलरीत दोरीवर आईची नऊवारी लुगडी वाळत असायची, त्यांच्या खाली बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून मी पडायची आणि ते गोष्टी सांगायचे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे बाबा. जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. हेझलच्या निबंधाशी याचा काही संबंध नाही, पण रोजनिशी आहे म्हणून लिहिलं.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

ह्यांना निबंध वाचायला दिला. शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "फार छान लिहिलंयस."

म्हटलं, "अहो, हेझलनं लिहिलाय."

हसले नुसते. "सही कुठाय गं तुझी ती? पहिल्या पानावर ना?" यांना कशाचं मेलं कौतुकच नाही.

सोमवार, १३ जानेवारी

तालीम. पोरीचा आवाज काय लागतो! कुठं थांबायचं, कुठं हात उचलायचा, सगळं एकदा सांगितलं की झालं. 'बाबा गोष्ट सांगू लागले की लाटाही थबकतात' या वाक्याला तर इग्नेशियस सरांनी टेबलावर थाप मारली. "वासंतीबाई, ढाल आपलीच!"

नंतर सामान आवरताना हेझलनं विचारलं, "टीचर, ती गॅलरी आमच्या घरात कुठं हाय?"

"कल्पना कर. लेखकाला कल्पना करावी लागते."

"हां," म्हणाली. समजूतदार आहे. पूर्वी मध्येमध्ये शंका काढायची, आता काढत नाही. मुलं किती लवकर तयार होतात.

शनिवार, २५ जानेवारी

लिहवत नाहीये. पण लिहितेच.

सभागृह भरलेलं. गर्ट्रूड पहिल्यांदाच शाळेच्या कार्यक्रमाला आली होती, चर्चला नेसायची साडी नेसून, मागच्या रांगेत. हेझलनं निबंध असा सांगितला, की टाचणी पडली तरी ऐकू येईल. सूर्यास्ताला टाळ्या पडल्या. मी मनातल्या मनात ढाल कपाटावर ठेवूनसुद्धा दिली.

मग परीक्षक. म्हातारेसे, मऊ आवाजाचे गृहस्थ. "बाळ, फार सुंदर. मला एकच सांग, बाबा तुला गॅलरीत गोष्टी सांगतात ना, त्यातली तुझी सगळ्यात आवडती कुठली?"

माझ्याकडे बघितलं हेझलनं. मी हातानं 'बोल, बोल' केलं. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, राजाराणीचं, कोल्ह्याचं.

तिनं माइक नीट धरला. "ते मला माहीत न्हाय, सर. ते टीचरना माहीत हाय. ते टीचरचे बाबा हायेत."

लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "मग तुझे बाबा?"

"ते निबंधात न्हायत," हेझल म्हणाली, आणि नमस्कार करून खाली आली.

माझ्या कानात तेव्हापासून काहीतरी वाजतंय. तिला कसं कळलं? मी तिला बाबांचं कधी सांगितलेलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

सांगितलं होतं. तालमीच्या वेळी, 'डोकं मांडीवर टेकवतेस तेव्हा असं वर बघ,' म्हणत स्वतःच करून दाखवलं आणि बोलून गेले, "आमचे बाबा बघ, अस्से..." पोरीनं लक्षात ठेवलं.

झेंडावंदनानंतर इग्नेशियस सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ढाल दुसऱ्या शाळेत गेली.

खरं लिहायचं तर मला हेझलचा राग आलाय. एवढी मेहनत घेतली, आणि हिनं भर सभेत माझी अब्रू काढली. एक गोष्ट बनवून सांगायला काय झालं होतं कार्टीला? ह्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "तिला विचारलं, तिनं खरं सांगितलं. तुला कोणी विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

आठवीला नवा निबंध दिला होता, 'माझी सकाळ'. आज वह्या तपासल्या. हेझलची वही उघडली. 'पूर्व दिशेला केशरी रंगांची उधळण झाली होती. पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट...' गाइड, अक्षर न् अक्षर. पान नंबरसुद्धा सांगू शकते मी.

तिला जवळ बोलावलं. रागावले नाही. विचारलं, "हेझल, हे काय गं?"

ती अगदी सरळपणे म्हणाली, उद्धटपणा नव्हता त्यात. "हे चालते ना, टीचर? ह्यात दुरुस्ती नसते."

वही तशीच परत केली.

घरी येऊन ही रोजनिशी पहिल्या पानापासून वाचली. तिचा मूळ निबंध आणि त्याखाली माझं एकेक 'फक्त'. 'फक्त' 'आहे' केलं, 'फक्त' वाक्य काढलं, 'फक्त' सुचवलं. आधी बोंबील गेले, मग वास गेला, मग बाप गेला आणि त्या जागी माझा बाप येऊन बसला. मी मुलांना महाबळेश्वरवरून हसत होते. हेझलला मी गिरगावला नेलं, तेवढाच फरक.

'तुझंच राहील' म्हटलं होतं मी. ढाल गेली तर गेली. पण ही पोरगी पुन्हा स्वतःचं लिहिणार नसेल, तर सत्तावीस वर्षं मी शाळेत केलं काय? हे असं सोडायचं नाही. रविवारी उत्तनला जायचं.

रविवार, २ फेब्रुवारी

भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस धरली. रोजचाच रस्ता, पण शाळेच्या पुढं मी कधी उतरलेच नव्हते. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

किनाऱ्यालगत काठ्याच काठ्या, आणि त्यांवर बोंबील. खाली खरंच पट्ट्यापट्ट्यांची सावली. गर्ट्रूडनं मला बघितलं आणि हातातली बोंबलांची पाटी खाली ठेवली. "टीचर! तुमी इकडं? पोरीनं काय केलं काय परत?"

"तिनं नाही. मी केलं," म्हटलं.

हेझल एका काठीपाशी उभी होती आणि शेजारी उंच, रापलेला माणूस. मेल्विन. आदल्या दिवशीच बोट लागली होती. त्यानं मान लववली आणि पुन्हा कामाला लागला. बापलेक शेजारी शेजारी, दोघांचे हात चाललेले, शब्द नाही. मी उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, यात मी गोष्टी घुसडल्या होत्या.

"हेझल," मी म्हटलं, "तुझा निबंध मी घेतला. तुला विचारलंही नाही. चुकलं माझं."

मेल्विननं एकदा तिच्याकडे बघितलं.

"परत लिहिशील? स्पर्धेला नाही. कुठेच पाठवणार नाही मी."

हेझलनं दोन बोंबील उचलले आणि माझ्यापुढे धरले. म्हणाली, "आधी हे टाका."

मी पदर खोचला. बोंबील हातातून सुळकन निसटला. दुसराही. गर्ट्रूड तोंडाला पदर लावून हसत होती. "असं न्हाय, टीचर," हेझल म्हणाली आणि तिनं माझी बोटं धरून तोंडात तोंड अडकवून दाखवलं. मी काढून टाकलं होतं ते हेच वाक्य. निदान एक ओळ तरी नीट टाकल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलं, आणि टाकली. शेवटचे तर मेल्विनलाही पसंत पडले. निदान त्यानं ते काढून पुन्हा टाकले नाहीत.

निघताना हेझल म्हणाली, "टीचर, मी लिहीन. पण आधी तुमी लिवा. तुमच्या बाबांचं. मी तपासते."

"चालेल," म्हटलं. नाही कशी म्हणणार?

गर्ट्रूडच्या नळावर तीनदा साबण लावला. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. वाटेत डोंगरीच्या थांब्यावर एक बाई चढल्या, नीटनेटक्या, पर्स वगैरे. माझ्या शेजारी बसल्या. जरा वेळानं नाक आक्रसलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि उठून पुढं जाऊन उभ्या राहिल्या. बसायला जागा नव्हती, तरी उभ्या राहिल्या.

भाईंदर येईपर्यंत माझ्या बाजूला कोणी बसलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाबांवर लिहायला बसले. पहिलं वाक्य, 'वात्सल्याचा अथांग सागर असलेले माझे बाबा'. खोडलं. 'बाबा मला रोज नवनवीन गोष्टी सांगत'. पेन थांबलं. नवनवीन? आठवून आठवून बघितलं, एकही गोष्ट आठवेना. परीक्षकांनी मला विचारलं असतं, तर मलाही हेझलसारखंच 'माहीत नाही' म्हणावं लागलं असतं.

मग हे लिहिलं:

"माझे बाबा छापखान्यात रात्रपाळीला जात. सकाळी आले की गॅलरीत बसत. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि म्हणायची, गोष्ट सांगा. ते म्हणायचे, एक होता राजा. मग त्यांना झोप लागायची. राजाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मी हलायची नाही. हलले तर ते जागे झाले असते. त्यांच्या हाताला शाईचा वास यायचा. अजून कुठे शाईचा वास आला की मी थांबते."

ह्यांना वाचून दाखवलं. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

आपल्या बापालाही मी इतकी वर्षं सजवूनच सांगत होते तर.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मधली सुट्टी. रिकाम्या वर्गात हेझल माझ्या खुर्चीवर बसली, मी तिच्या बाकावर. माझं लाल पेन तिच्या हातात. तिनं सावकाश वाचलं, ओठ हलवत. पुन्हा वाचलं. मला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू.

पेनाचं टोपण तिनं उघडलंच नाही.

"ह्यात काय करायचं न्हाय," म्हणाली. "तुमचे बाबापण बोलत न्हवते."

"नाही गं."

तिनं माझा कागद चौघडी घालून स्वतःच्या दप्तरात ठेवला. मी मागितला नाही. मग वहीतून आपला कागद काढला, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पहिलं वाक्य, 'माझ्या हाताला बोंबलांचा वास येतो.' तिनं तो माझ्यासमोर बाकावर ठेवला आणि लाल पेन आपल्या मुठीत तसंच धरून ठेवलं.

"आता वाचा, टीचर."

वाचला. दोन ठिकाणी हात शिवशिवले. पदरात घट्ट धरून ठेवले.